मूल कुणाच्या कडेवर?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



या महिन्याच्या पत्रिकेसाठी नामस्मरणावर चार शब्द लिहायचे ठरले होते. पण मध्यंतरी आपल्या महिलांच्या ग्रुपवर एक प्रश्न आला आणि त्यावर दोन दिवस जे मेसेज सुरू होते ते वाचून वाटलं, आधी हा विषय घ्यावा. नामस्मरण पुढच्या अंकात घेऊ. आणि खरं सांगायचं तर हाही साधनेचाच विषय आहे.

प्रश्न आपल्यातल्या एका तरुण ताईचा. तिला विचारून लिहिते आहे, नाव देत नाही. ती घराजवळच्या एका छोट्या शाळेत शिकवते. अशा शाळा आपल्या इंदूरच्या प्रत्येक कॉलनीत आहेत. बंगल्याचा तळमजला, चार-पाच खोल्या, नर्सरी ते पाचवी, सगळ्या मिळून आठ-दहा टीचर. ताईची दोन मुलं. मोठा पाच वर्षांचा, तिच्याच शाळेत जातो. धाकटी अडीच वर्षांची, ती आजीजवळ राहते, आणि आजींचे गुडघे आता साथ देत नाहीत. ताईने लिहिलं होतं, "मी शाळा सोडू का? वर्गात पंचवीस मुलांना हावभाव करून गोष्ट सांगते, आणि घरी आल्यावर माझ्याच मुलाने 'आई, गोष्ट' म्हटलं की जिवावर येतं. परवा तो म्हणाला, आई, तू शाळेत हसतेस, मग घरी का नाही हसत?"

उत्तरं दोन प्रकारची आली. एक : सोडून दे गं, हे दिवस परत येत नाहीत, आई हाच मुलाचा पहिला गुरू, आणि पगार तरी असा किती मिळतो? दुसरं : अजिबात सोडू नकोस, एकदा घरी बसलीस की पुन्हा कुणी बोलवत नाही. दोन्हीकडे तिच्याबद्दल माया होती. तरी एक गोष्ट मनाला लागून राहिली. इतक्या मेसेजमध्ये मुलांचे बाबा किती वाजता घरी येतात, हे कुणी विचारलं नाही. आजींना काय वाटतं, हे कुणी विचारलं नाही. आणि "सकाळी दोन तास धाकटीला मी बघते", असंही कुणाचं उत्तर नव्हतं. प्रश्न एका बाईचा, निर्णय एका बाईचा, आणि पाप लागलंच तर तेही तिलाच, असं सगळ्यांनी धरूनच चाललो होतो.

*स्वधर्म कोणता?*

आपल्या सत्संगात स्वधर्म हा शब्द फार येतो. विनोबांनी 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. त्यांत स्वधर्माबद्दल त्यांनी सांगितलं आहे की तो शोधत हिंडावं लागत नाही, तो आपल्याला येऊन मिळालेला असतो. आपल्या ग्रुपवरच्या बहुतेक भगिनींना हेच म्हणायचं होतं. मूल पोटी आलं, तो आलेला धर्म. नोकरी ही आपण निवडलेली. मग आलेला मोठा की निवडलेला?

पण जरा थांबून बघू. वर्गात बसलेली ती पंचवीस मुलं, तीही तिच्यापुढे येऊन बसलेलीच आहेत ना? त्यांतलं एखादं नवं पोर आईचा पदर सोडून पहिल्यांदा आलेलं असतं, दिवसभर तिच्या ओढणीचं टोक धरून फिरतं. त्याच्याकडे वळून बघणं हा त्या क्षणी तिचा स्वधर्मच आहे. म्हणजे इथे धर्म आणि अधर्म असा झगडा नाही. तसा असता तर सोपं होतं, अधर्म सोडून द्यायचा. इथे दोन धर्म समोरासमोर उभे आहेत आणि वेळ एकच आहे. अशा वेळी "आईपण आधी" एवढं म्हणून सुटका होत नाही.

कारण आईपण म्हणजे नेमकं काय, हेही वेगळं करून पाहावं लागतं. तापाने फणफणलेल्या मुलाला रात्री आईच लागते. अंगावर पिणाऱ्याला आईच लागते. रडून रडून दमल्यावर डोकं ठेवायला आईचा खांदाच लागतो. हे खरंखुरं आईचं. पण डबा भरणं, युनिफॉर्मला इस्त्री, ऑटोची वाट बघत कोपऱ्यावर उभं राहणं, डॉक्टरकडचा नंबर लावणं, बुटांना पॉलिश, पसारा आवरणं, यातलं काय असं आहे जे बाबा, काका, आजोबा करू शकत नाहीत? आपण हे सगळं एका गाठोड्यात बांधून त्याला मातृधर्म म्हणतो. ताई दमते ती बहुतेक वेळा या गाठोड्याने. आणि मग जे खरं आईचं, म्हणजे जवळ घेणं, गोष्ट सांगणं, हसणं, त्यासाठीच तिच्यात काही उरत नाही.

*मिशा असलेली आई*

या संदर्भात मला भावनगरच्या गिजुभाई बधेकांची आठवण होते. ते व्यवसायाने वकील. 1913 मध्ये त्यांना मुलगा झाला आणि याला कसं वाढवायचं, कसं शिकवायचं, या विचाराने ते बालशिक्षणाकडे वळले. वकिली मागे पडली. 1916 मध्ये ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत आले आणि 1920 मध्ये तिथे बालमंदिर सुरू झालं. मुलांमध्ये ते इतके रमले की गुजरातेत त्यांना लोक 'मूछाळी मा' म्हणू लागले. मिशा असलेली आई!

मला यात दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे स्वतःचं मूल आणि दुसऱ्याची मुलं ही एकमेकांच्या वाटेत आलीच पाहिजेत असं नाही. गिजुभाईंना स्वतःच्या मुलाच्या काळजीतूनच इतरांच्या मुलांचं दार उघडलं. दुसरं म्हणजे आईपण हे मनाचं आणि हातांचं काम आहे, ते पुरुषालाही जमतं. शंभर वर्षांपूर्वी जमलं. मग आज आपल्या घरी "त्यांना नाही जमत हो मुलांचं" हे वाक्य इतक्या सहज का म्हटलं जातं, याचा विचार घरातल्या पुरुषांनी आणि आपणही करायला हवा.

*ताराबाई मोडक*

याच गिजुभाईंकडे 1923 च्या सुमाराला एक मराठी बाई गेल्या, ताराबाई मोडक. 1914 साली बी.ए. झालेल्या. लग्न करून अमरावतीला गेल्या. एक मुलगी झाली. 1921 मध्ये संसार तुटला. पदरात लहान मुलगी आणि पुढे सगळं आयुष्य. राजकोटला मुलींच्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्रिन्सिपॉल झाल्या. त्या काळात बाईला असं पद मिळणं केवढी मोठी गोष्ट! ते पद सोडून त्या भावनगरला बालमंदिराच्या कामात आल्या. वाचताना मला नेहमी वाटतं, "शाळा की मूल" असा प्रश्न विचारायची सवडच त्यांना नव्हती. शाळेवरच मूल वाढायचं होतं. आजही आपल्यात अशा किती जणी आहेत ज्यांच्यासाठी नोकरी म्हणजे आवड किंवा वेळ घालवणं नाही, चूल त्यावर पेटते. त्यांना "सोडून दे" असं सांगताना जीभ जरा जड व्हायला हवी.

पण ताराबाईंची जी गोष्ट मला या प्रश्नासाठी सगळ्यांत मोलाची वाटते ती पुढची आहे. 1945 मध्ये त्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या (तो भाग आता पालघर जिल्ह्यात आहे). तिथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे जवळच्याच कोसबाडच्या टेकडीवर वारली आदिवासी मुलांसाठी त्यांचं काम उभं राहिलं. सुरुवातीला गरीब वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात. मग या दोघींनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, त्याची अंगणवाडी झाली. पुढे 2 ऑक्टोबर 1975 ला सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि आज देशभर गावोगाव अंगणवाडी आहे. हा शब्द आपण रोज वापरतो, तो अशा एका अंगणातून आला आहे. जी मुलं गुरं चारायला जायची त्यांच्यासाठी शाळा कुरणावर गेली, ती कुरणशाळा.

आणि मुली? सात-आठ वर्षांच्या मुली शाळेत येऊ शकत नसत, कारण त्यांच्या कडेवर धाकटं भावंड असे. आई-बाप मजुरीला, मूल सांभाळायचं या मुलीने. आता विचार करा, त्या मुलीसमोरही आपल्या ताईचाच प्रश्न होता. शाळा की कडेवरचं मूल? ताराबाई-अनुताईंनी त्या मुलीला "काहीतरी एक निवड" असं सांगितलं नाही. तिला त्यागाचं महत्त्वही पटवत बसल्या नाहीत. त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली. कडेवरचं मूल पाळणाघरात, मधलं बालवाडीत, आणि ती स्वतः वर्गात. मुलीने काहीच सोडायचं नव्हतं. व्यवस्थेनेच आपली जागा बदलली.

ही गोष्ट मी पुन्हा पुन्हा मनात घोळवते. आपल्याला वाटतं धर्मसंकट आलं की त्या माणसाने मन घट्ट करून एक बाजू निवडावी. पण कितीतरी धर्मसंकटं देवाने घातलेली नसतात. पाळणा टांगायला जागा नसते म्हणून ती उभी राहतात.

*मोठ्या कामाची दुसरी बाजू*

इथे कुणी म्हणेल, काम चांगलं असलं की मुलांचं आपोआप चांगलं होतं. तसं नाही, हेही सांगायला हवं.

मॉंटेसरी हे नाव आपल्या सगळ्यांच्या तोंडी आहे. मारिया मॉंटेसरी या इटलीतल्या डॉक्टर. 1898 साली त्यांना मुलगा झाला, मारिओ. त्यांचं लग्न झालेलं नव्हतं. त्या काळच्या समाजात मुलाला उघडपणे जवळ ठेवलं असतं तर त्यांचं सगळं काम संपलं असतं. मुलाला खेड्यातल्या एका कुटुंबाकडे वाढायला ठेवलं. आई भेटायला जायची, पण आई म्हणून नाही. मुलगा साधारण पंधरा वर्षांचा झाल्यावर त्यांच्याकडे राहायला आला, आणि तरीही कितीतरी वर्षं तो जगापुढे मुलगा म्हणून ओळखला गेला नाही. 1907 साली रोमच्या गरीब वस्तीत त्यांनी पहिलं बालगृह उघडलं. ते कुणासाठी होतं? दिवसभर कामावर जाणाऱ्या आई-बापांच्या, घरी एकट्या राहणाऱ्या मुलांसाठी. जगाच्या मुलांना घर मिळालं त्या वर्षी त्यांचं स्वतःचं नऊ वर्षांचं मूल दुसऱ्याच्या घरी होतं.

पुढे मारिओ आयुष्यभर आईच्या कामात राहिला. 1939 मध्ये त्या मद्रासला अड्यारला आल्या तेव्हा तोही बरोबर होता. नातं जुळलं. पण ती पहिली पंधरा वर्षं कुणी परत दिली? मी त्यांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. एका बाईला समाजाने "मूल किंवा काम" असं दारात उभं करून विचारलं, आणि तिने कुठलंही उत्तर दिलं असतं तरी एक लहान जीव किंवा हजारो लहान जीव त्याची किंमत मोजणारच होते. तो प्रश्न विचारणाऱ्यांचं नाव मात्र इतिहासात कुठेच नाही.

आपल्या ग्रुपवर परवा आपण तेच तर करत नव्हतो ना, थोड्या प्रेमळ शब्दांत?

*बिल कुणाच्या नावावर?*

मी स्वतः लग्नानंतर घरीच राहिले. एम.ए. झालेली होते, पण मुलं लहान, सासू-सासरे, सगळं बघण्यात वर्षं गेली, आणि त्याबद्दल माझ्या मनात खंत नाही. म्हणून मी नोकरीची वकिली करते आहे असं कुणी समजू नये. पण घरी राहणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या अशा दोन्ही प्रकारच्या बायका इतक्या वर्षांत जवळून पाहिल्या आणि एक गोष्ट ध्यानात आली. मुलाला आईचे तास कमी पडले तर ते सावरतं. पण आईने मुलाच्या नावाने फाडलेलं बिल मूल जन्मभर फेडत बसतं.

"तुमच्यासाठी मी माझी नोकरी सोडली." "तुमच्यासाठीच तर मी मरमर राबते." वाक्यं दोन, बिल एकच. पहिलं घरी राहिलेली म्हणते, दुसरं नोकरी करणारी. फळाची आशा न ठेवता कर्म करावं हे आपण दर गुरुवारी ऐकतो. मला वाटतं त्याचा घरातला अर्थ एवढाच आहे, की मुलासाठी जे केलं त्याचा हिशोब मुलाला दाखवायचा नाही.

आता हेही बघा की हे बिल कोण फाडतं. ज्याने ओझं एकट्याने वाहिलं तो. चार हात लागले तर कुणाच्याच मनात एवढं साचत नाही. लग्नाची पंगत चार जणांनी वाढली तर कुणी "मी वाढलं" म्हणून सांगत फिरत नाही. तीच एकटीने वाढली तर ती दहा वर्षं ऐकवते, आणि त्यात तिचा तरी काय दोष? म्हणून एकटीने निष्काम राहा, असा नुसता उपदेश करून उपयोग नाही. तिचं ओझं आधी वाटून घ्यावं लागेल. मग निष्काम राहणं तिला जमेल.

*ताईसाठी, आणि तिच्यासारख्या बाकीच्यांसाठी*

तिने विचारलं आहे म्हणून माझ्या अल्पमतीने जे सुचतं ते लिहिते.

पहिलं, उरलेलं आणि राखलेलं यांत फरक आहे. आपण देवाला नैवेद्य दाखवतो तो सगळ्यांची जेवणं झाल्यावर पातेल्यात राहिलेला नसतो. पहिला वाटा आधी काढून ठेवतो, थोडा का असेना. मुलांच्या वेळेचंही तसंच. शाळेतून आल्यावरची पहिली वीस मिनिटं नैवेद्याची. पर्स ठेवायची, फोन दुसऱ्या खोलीत, हातपाय धुऊन जमिनीवर बसायचं. गोष्ट सांगायला त्राण नसेल तर सांगू नये, मुलालाच सांगायला लावावी. मुलं उत्तम गोष्टी सांगतात. स्वयंपाक वीस मिनिटं उशिरा झाला तर चालतो. वह्या तपासणं, वार्षिक संमेलनाचे कागदी मुकुट कापणं, हे घरी आणावंच लागतं छोट्या शाळेत. पण ते मुलं झोपल्यावर किंवा मुलांना सोबत घेऊन. पाच वर्षांचा मुलगा मुकुटाला टिकल्या फार आनंदाने चिकटवतो.

दुसरं, तिचा मोठा तिच्याच शाळेत आहे. ही छोट्या शाळेतली मोठी परीक्षा. पक्षपात दिसू नये म्हणून आई-टीचर पुष्कळदा स्वतःच्या मुलाला जास्त ओरडते, संमेलनात त्याला मागच्या रांगेत उभं करते, त्याचा हात वर असला तरी दुसऱ्याला विचारते. आपण याला निःपक्षपातीपणा समजतो. पण समदृष्टी म्हणजे सगळे सारखे, आणि सगळ्यांत तोही आला. इतरांना जेवढी माया, जेवढा राग, तेवढाच त्यालाही. आई शाळेत हसते ते सगळ्यांकडे बघून हसते, माझ्याकडे बघून नाही, असं त्याला वाटत असेल तर त्याचा प्रश्न घरातल्या हसण्यापुरता नसेलही. त्याला एकदा जवळ घेऊन शांतपणे विचारून बघावं.

तिसरं, आजींना विचारायला हवं. अडीच वर्षांचं मूल म्हणजे घरभर धावणारं वारं. गुडघे दुखत असताना "आजी आहे ना" हे गृहीत धरणं बरोबर नाही. त्या नाही म्हणत नाहीत, कारण त्या पिढीने नाही म्हणायला शिकलंच नाही. त्यांच्याकडून मनापासून हो आलं आणि त्यांना मदतीला कुणी दिलं, तरच ती सेवा. नाहीतर एका बाईचं ओझं दुसऱ्या म्हाताऱ्या बाईच्या गुडघ्यावर ठेवलं, एवढंच झालं. आणि मदतीला मावशी ठेवली तर तिचं मूल त्या वेळात कुणाजवळ असतं, हेही विचारावं. कोसबाडची ती मुलगी आपल्या शहरात आजही आहे, कामावर जाणाऱ्या आईमागे धाकट्याला घेऊन बसलेली.

चौथं, कायद्याचं. 2017 च्या दुरुस्तीने नोकरदार आईला पहिल्या दोन बाळंतपणांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा मिळाली. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय करणं आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाऊ देणं बंधनकारक झालं. पण आठ-दहा टीचरच्या शाळेला पाळणाघराचं हे बंधन नाही. म्हणजे जिथे सगळे दिवसभर लहान मुलांमध्येच असतात, तिथेच टीचरच्या लहान मुलाला जागा नाही! कायदा जिथे पोचत नाही तिथे माणसाने पोचावं. शाळा चालवणाऱ्यांना विनंती करता येईल की एक कोपरा, एक सतरंजी आणि एक बाई, एवढ्यावर दोन-तीन टीचरची मुलं सांभाळली जातील.

आणि पाचवं. एवढं सगळं करूनही धाकटी खंगत असेल, सारखी आजारी पडत असेल, किंवा ताईला स्वतःलाच आतून वाटत असेल की दोन वर्षं घरी राहावं, तर तिने खुशाल सोडावी. ग्रुपवर कुणाला उत्तर द्यायची गरज नाही. सोडणं म्हणजे हरणं नव्हे, धरून ठेवणं म्हणजे स्वार्थ नव्हे. फक्त सोडायची तर हसत सोडावी, बिल न फाडता. आणि परत जायचं दार उघडं राहील अशी शाळेशी बोलणी करून ठेवावी.

*आपल्या केंद्रासाठी*

आपण इंदूरचे आहोत. 1947 साली, देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी, इथे शालिनीताई मोघ्यांनी बाल निकेतन संघ सुरू केला. आपण ज्या सरवटे बस स्टँडवर उतरतो ते नाव ज्यांचं, त्या तात्यासाहेब सरवट्यांची ही लेक. 1968 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, आणि 2011 साली त्या गेल्या. पागनीसपागेतली त्यांची शाळा माहीत नसलेलं मराठी घर या शहरात क्वचितच असेल. आपल्यातल्या कितीतरी जणी छोट्या शाळांत शिकवतात त्यामागे अशा बायकांनी घालून दिलेली वाट आहे. ती वाट आता आपल्या लेकी-सुनांना एकटीने चालायला लागू नये.

आपल्या केंद्राचा हॉल सकाळची आरती झाली की संध्याकाळपर्यंत बंद असतो. आपल्यात पन्नाशी-साठीच्या दहा-बारा जणी अशा आहेत ज्यांची मुलं पुण्याला, बंगळूरला किंवा परदेशात आहेत आणि सकाळचे तास मोकळे आहेत. काही गुरुबंधू निवृत्त आहेत. त्यांच्यातही एखादी मूछाळी मा निघेलच! माझी सूचना अशी की सोमवार ते शुक्रवार, सकाळी साडेआठ ते दीड, रोज तिघांनी पाळीने हॉलवर बसावं. शिकवणाऱ्या, नोकरी करणाऱ्या भगिनींची दोन ते पाच वर्षांची मुलं तिथे राहतील. आपल्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचीही. दूध-खिचडीचा खर्च अन्नदानाच्या निधीतून करता येईल का, हे विश्वस्तांना विचारू. स्वच्छता, दाराला कडी, मुलांच्या नावांची वही, आई-बाबांचे फोन नंबर, हे सगळं नीट ठरवूनच सुरू करू. घाईने नको, मुलांची जबाबदारी आहे.

आपण पादुकांना हात लावतो तेव्हा आधी हात धुतो, पदर सावरतो. तेवढ्याच काळजीने एखाद्या पोराचं नाक पुसलं तर सद्गुरूंना ते कमी पोचेल, असं मला वाटत नाही.

येत्या गुरुवारी आरतीनंतर दहा मिनिटं थांबावं ही विनंती. ज्यांना आठवड्यातला एक दिवस देता येईल त्यांनी वार सांगावा. मी मंगळवार घेतला आहे.

काही कमी-अधिक लिहिलं असेल तर सांभाळून घ्यावं.

सद्गुरुचरणी अर्पण 🙏

— एक सेविका, सुदामानगर, इंदूर